चहा ठेवलाय

आईला नायगावच्या गाडीत बसवून लुंबिनी घरी आली तेव्हा साडेअकरा वाजले होते. लुंबिनीच्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं, त्यामुळे आई, म्हणजे नागुबाई, सव्वा महिना काही परत येत नव्हत्या. गाडी हलता हलता त्यांनी खिडकीतून तिसऱ्यांदा बजावलं होतं, "वेळेवर जेव गं माय. त्या कंपुटरपुढं बसून बसून पार वाळून चालली." लुंबिनीनं हाव हाव केलं, वाटेत दुधाची पिशवी घेतली आणि घर गाठलं.

भुतंखेतं रात्रीच निघतात असं ज्यानं कुणी ठरवलं, त्यानं नांदेडचा मे महिना पाहिलेला नसणार. बारा ते तीन तरोड्याकडच्या लुंबिनीच्या गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं लावलेली, पडदे ओढलेले, आणि घराघरातून कूलरची घरघर. लाइट गेली की तीही थांबते. मग अशी शांतता पडते की शेजारच्या घरातला भांड्याचा आवाजसुद्धा आपल्याच घरातला वाटतो. ही गोष्ट त्या वेळेची आहे. दिवा लावून ऐकायची गरज नाही. लावलात तर मी नको म्हणणार नाही.

लुंबिनी गजभारे एके काळी विमान चालवायची. मोठं, प्रवासी विमान. एक दिवस जमिनीवरच, घराचा जिना चढताना तिला भोवळ आली. महिन्याभरात पुन्हा एकदा आली, आणि डॉक्टरांनी तिचं उडणं थांबवलं ते थांबवलंच. त्याला चार वर्षं झाली होती. अजूनही विमानाचा आवाज आला की ती भाकरी तव्यावर टाकून गच्चीवर पळायची. आई करपलेली भाकरी मुकाट्यानं स्वतःच्या ताटात घ्यायची.

आता तिच्याकडे उरलं होतं ते 'पंखाखाली'. मराठी बोलणाऱ्या व्यावसायिक वैमानिकांचा हा इंटरनेटवरचा कट्टा. उदगीरच्या कॅप्टन शिवमूर्ती बिरादारांनी तो काढला. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. उन्हात विमानापाशी थांबायचं तर सावली एकच, पंखाची, म्हणून ते नाव. अण्णांचे नियम तीन. आलेला अर्ज तासाच्या वर ताटकळत ठेवायचा नाही. नवख्याला हसायचं नाही. आणि विमान घेऊन निघताना कट्ट्यावर 'निघालो' लिहायचं, पोचल्यावर 'उतरलो'. त्या 'उतरलो'खाली कुणीतरी 'चहा ठेवलाय' असं लिहायचंच. मग तो माणूस गुवाहाटीला उतरलेला असो की मस्कतला.

दोन वर्षांपूर्वी अण्णा झोपेतच गेले आणि कट्ट्याच्या चाव्या लुंबिनीकडे आल्या. चाव्या कसल्या, जू म्हणा. चारशे मेंबरांचे साठ राहिले. त्यातले मोठे कॅप्टन एकमेकांची उणीदुणी काढण्यापुरते यायचे. भांडणं सोडवायची तिनं, स्वागत करायचं तिनं, चहा ठेवायचा तोही तिनंच. कट्ट्यावर जीव लावणारा दुसरा एकच होता. देवणीचा बसवंत, छोटं मालवाहू विमान चालवणारा. पहिल्याच दिवशी त्यानं भाबडेपणानं विचारलं होतं, "वारा आडवा असला की मला घाम फुटतो. तुमाला बी फुटतो का?" एका बड्या कॅप्टननं लगेच लिहिलं, "देवणीचा ना? मग बैल हाक जा बाबा." लुंबिनीनं त्या कॅप्टनला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली आणि खाली लिहिलं, "मला आजही फुटतो." तेव्हापासून बसवंत तिला ताई म्हणायचा, आणि तोंडदेखलं म्हणायचा नाही.

पण आता तिचा जीव थकला होता. महिनाअखेरीला कट्टा बंद करायचा असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं, आणि तेवढ्यात गेल्या तीन आठवड्यांत नवीन अर्ज यायला लागले. रोज एक, कधी दोन. सगळे दुपारी पावणेदोनच्या सुमाराला. 'ओळख कुणाची' या रकान्यात प्रत्येकानं अण्णांचं नाव दिलेलं. तिला वाटलं, जुनी ओळख असेल. खरं तर रीत अशी होती की फोन करून खात्री करायची, मगच आत घ्यायचं. पण कंटाळा वाईट. आलेत बिचारे, येऊ दे, म्हणत ती बटण दाबत गेली. माणसंही गरीब होती. भांडत नव्हती, टोमणे मारत नव्हती. 'निघालो' लिहायची आणि गप्प बसायची. ओसाड अंगणात पुन्हा चपला दिसाव्यात तसं तिला बरं वाटलं होतं.

त्या दिवशी आईला सोडून आल्यावर ती निरोपाचा मजकूर लिहायला बसली. सगळ्यांची नावं घालावीत म्हणून यादी काढली. नवे तेवीस. तेवीस 'निघालो'. 'उतरलो' मात्र एकही नाही.

तिनं पुन्हा पाहिलं. मग एकेक अर्ज उघडला. 'शेवटचं उड्डाण' या रकान्यात कुठून ते लिहिलेलं होतं, कधी तेही होतं. कुठं, ती जागा कोरी. तेवीसच्या तेवीस अर्जांत कोरी. आणि तारखा... एक चार वर्षांपूर्वीची, एक अकरा, एक तर तिच्या जन्माच्या आधीची.

पहिला अर्ज संगमेश नावाचा होता. त्यावरचा नंबर तिनं लावला. बराच वेळ रिंग वाजली. मग एका म्हातारीचा आवाज आला.

"हालो... कोण हाय?"

"मावशी, संगमेश आहेत का? मी नांदेडहून बोलतेय."

पलीकडे म्हातारीनं पंखा बंद केला.

"मी तुळजाबाई, त्याची आई," म्हातारी हळू बोलली. "लातूरला असते. संगमेश गेला की बाई... चार वर्षं झाली. इमान पडलं त्याचं. फोन तेवढा मी चालू ठेवलाय. कुणी करत न्हाई. तू कशापायी केलीस?"

 चुकून लागला म्हणत लुंबिनीनं फोन ठेवला.  दुसरा नंबर लावायची छातीच झाली नाही. लाइट गेली. कूलर घरघरत थांबला आणि लॅपटॉपचा उजेड तेवढा खोलीत राहिला.

पावणेदोन वाजले. नवा अर्ज आला.

नाव होतं बसवंत. परवाना क्रमांक त्याचाच, फोन त्याचाच. ओळख, शिवमूर्ती अण्णांची. शेवटचं उड्डाण, हैदराबादहून, तारीख आजची. कुठं... कोरं.

बसवंत तर पाच वर्षं कट्ट्यावर होता! त्यानं पुन्हा अर्ज कशाला भरावा? आणि भरणार कुठून? तासाभरापूर्वीच त्यानं लिहिलं होतं, 'निघालो, हैदराबादहून, ताई पोचल्यावर बोलू.' तो आत्ता वर होता, ढगांत.

अर्जाखाली दोन बटणं होती, 'आत घ्या' आणि 'नाकारा'. दुसऱ्या बटणाला या कट्ट्यावर कधी कुणी हात लावला नव्हता. आलेल्याला दारातून परत पाठवायचं नाही, हे अण्णांचं बोलणं तिच्या कानात होतं. 'अण्णा, माफ करा,' ती मोठ्यानं म्हणाली आणि 'नाकारा' दाबलं. कारण लिहा, अशी चौकट आली. तिनं लिहिलं, 'तो आमचा आहे. त्याची तिकडे गरज नाही.'

मग ती बसून राहिली. पाणी प्यायलासुद्धा उठली नाही. तीन वाजून सात मिनिटांनी कट्ट्यावर शब्द उमटला, 'उतरलो.' तिनं रडत रडत खाली लिहिलं, 'चहा ठेवलाय.'

लगेच फोन आला. "ताई, आज लई बेकार झालं," बसवंतचा आवाज अजून कापत होता. "पावणेदोनला एक इंजिन बसलं. दुसरंबी धाप टाकाया लागलं. म्या म्हणलो, झालं, खेळ खलास. आन् ताई, काय ठाऊक काय झालं... दोन्ही आपोआप सुरू! मेकॅनिक बगून राहिलेत. त्यांना काईच सापडंना."

"बरं झालं," ती म्हणाली. "जेवलास का?"

खरं ते तिनं सांगितलं नाही. ज्याला उद्या पुन्हा वर जायचंय त्याच्या मनात असली भीती घालायची नसते. आणि सांगणार तरी काय? भोवळ येऊन घरी बसलेली बाई म्हणते की मेलेली माणसं अर्ज भरतात! तिच्याच डोक्यावर परिणाम झाला म्हणाले असते लोक.

कट्टा बंद करायचं मात्र राहिलं. त्या निरोपाचा मजकूर तिनं पुसून टाकला. दार लावलं म्हणून येणारे थांबतील याची काय खात्री? फक्त नाही म्हणायला कुणी उरणार नाही. तेव्हापासून ती रोज दीड वाजता लॅपटॉपपुढं बसायला लागली. नवे अर्ज बंद झाले. आता नावं जुन्या मेंबरांची यायची. एकदा बैल हाकायला सांगणारा तो बडा कॅप्टनही आला. तिनं क्षणभर त्याच्या नावाकडे पाहिलं, आणि त्यालाही नाकारलं. तो संध्याकाळी उतरला आणि कुणाशी तरी भांडत बसला. तिला त्या भांडणाचंसुद्धा कौतुक वाटलं.

पण माणूस किती दिवस पहारा देणार? जेवण सुटलं, झोप उडाली. आईच्या फोनला ती 'जेवले' म्हणून खोटं सांगायची. आणि अठराव्या दिवशी तिला ताप भरला. असा की उभं राहिलं की भिंती फिरायच्या. बसवंत सुटीवर देवणीला आलेला होता. तिनं सकाळीच त्याला फोन लावला.

"बसवंता, आजच्या दिवस चाव्या तुझ्याकडे. दीडपासून बसशील?"

"हाव ताई, त्यात काय! तुमी गोळी घ्या आन् पडा."

"नीट ऐक. जुन्या मेंबराचं नाव परत आलं तर नाकार. लोक चुकून दोनदा भरतात. अनोळखी आलं तर तसंच राहू दे, मी बघीन. विसरायचं नाही. लगेच नाकारायचं."

"न्हाई विसरत. आईची आण."

बऱ्याच दिवसांनी ती निश्चिंत झोपली. जाग आली ती फोनच्या आवाजानं. खोलीत उकडत होतं, कूलर बंद होता. घड्याळात सव्वादोन झाले होते.

"ताई, बरं वाटून राहिलं का?" बसवंत खुशीत होता. "तुमी म्हणल्यासारकंच केलो. जुन्यातले दोन आले, दोन्ही नाकारले."

"शाबास रे." तिला खरंच हलकं वाटत होतं. ताप उतरला होता. अंग पिसासारखं झालं होतं.

"एक मात्र घेतलो बरं का आत." तो हसला. "रागवू नका. तुमचाच होता की ओ!"

"माझा?"

"हाव. लुंबिनी गजभारे. तुमचाच परवाना नंबर. अण्णांची ओळख दिली तुमी, वाचून डोळ्यांत पाणी आलं माज्या. शेवटचं उड्डाण, नांदेडहून, आजची तारीख! म्या म्हणलो, ताई परत उडून राहिल्या! डॉक्टरनं सोडलं वाटतं, आन् आपल्याला अशी गंमत करून सांगून राहिल्या. तुमी मला आपला मानलं ताई, मी तुमाला कसा नाकारू? ...ताई? हालो?"

या अठरा दिवसांत तिनं सगळ्यांची नावं डोळ्यांत तेल घालून वाचली होती. आपलंही येईल हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. ती उडतच नव्हती ना आता.

"बसवंता," ती अगदी हळू म्हणाली, "कुठं... ते लिहिलंय का रे त्यात?"

"थांबा, बगतो... न्हाई. कुठं जाणार ते लिवलंच न्हाई तुमी. कोरं हाय. पर लोकांनी स्वागत लई झकास केलंय. ते नवे तेवीस, कदी बोलत नव्हते बगा? आज सगळे एकदम बोलले. एकच वाक्य, तेवीस बार."

त्यानं ते वाक्य वाचून दाखवायची गरज नव्हती. आई नायगावला होती. दाराला आतून कडी होती. आणि स्वयंपाकघरातून, आलं घालून उकळलेल्या चहाचा वास येत होता.