संध्याकाळी बिल्ला कोणाकडे

शिस्त म्हणजे परमेश्वराचा आवाज, असं मदर क्लोतिल्द दर वर्षी शाळा उघडली की पहिल्याच सोमवारी सांगत. हा आवाज फ्रेंचमध्ये असतो, हे वेगळं सांगायची त्यांना गरज वाटत नसे. मग त्या स्वयंपाकघरात जात आणि कोबीतल्या अळ्यांवरून स्वयंपाकीण उम्म फारिसशी अस्सल झहले गावच्या अरबीत भांडत. स्वयंपाकघर शाळेत धरायचं नाही, असा जुना ठराव होता.

बाकी सगळीकडे बिल्ला फिरे. तळहाताएवढी लाकडी चकती, मधे भोक, भोकात काळी दोरी. सकाळी जिच्या तोंडून अरबी शब्द निसटेल, तिच्या गळ्यात तो पडायचा. मग तिनं कान टवकारून हिंडायचं आणि दुसरी कुणी चुकली की तिच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं. संध्याकाळच्या घंटेला तो जिच्याकडे असेल तिला शिक्षा. महिन्यात तीनदा सापडली तर नाव कमी. या पद्धतीत शिक्षिकांना फारसं काही करावंच लागत नसे. मुली एकमेकींचं पाहून घेत.

पर्यवेक्षिका एदमा बरीदी हिला ही व्यवस्था फार सुबक वाटे. ती याच शाळेत शिकली होती आणि वीस वर्षं याच शाळेत रांगा लावत होती. आपल्याला स्वप्नंसुद्धा फ्रेंचमध्ये पडतात, असं ती सांगे. त्याला साक्षीदार नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी घंटा झाली आणि बिल्ला नुहाकडे सापडला.

नुहा अकरा वर्षांची, वसतिगृहातली. ऑगस्टमध्ये आई गेली तेव्हापासून ती बोललेली नव्हती. अरबी नाही, फ्रेंच नाही, झोपेत नाही, पडल्यावरही नाही. डॉक्टरांनी चमच्यानं जीभ दाबून पाहिलं होतं. घसा उत्तम होता.

एदमानं आधीच्या मुलीला बोलावलं. ती जांदार्क, वर्गातली सगळ्यात फाटक्या तोंडाची.

"मुकीच्या गळ्यात बिल्ला घालताना लाज नाही वाटली?"

"आवाज आला, मादमोआझेल."

"नुहाचा?"

जांदार्क बुटांकडे बघत राहिली. "तिच्या बाकावरून आला. बाईमाणसाचा होता. 'अगं, शाल घे, हे ऊन फसवं असतं,' असं म्हणाली. तिची आई रविवारी फाटकाशी यायची ना, तिच्यासारखा."

"मेलेली माणसं बोलत नाहीत."

"बोलतात की नाही ते मला नाही माहीत. अरबीत बोलली, म्हणून मी बिल्ला दिला."

नियमाच्या दृष्टीनं यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. एदमानं जांदार्कला उद्धटपणाबद्दल अर्धा तास भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आणि नुहालाही केलं, कारण बिल्ला तिच्याकडे होता.

पुढच्या सोमवारी पुन्हा नुहाच. या वेळी देणारी होती सिल्वी, जी खोटं बोलायला लागली की आधी स्वतःच रडायची. ती रडली नाही. तिचे ओठ तेवढे पांढरे पडले होते. "'जेवलीस का,' असं विचारलं, मादमोआझेल. मला नाही. तिला."

एदमा स्वयंपाकघरात गेली. तिथे अरबी चालत असे, तरी तिनं आवाज हळू ठेवला. "उम्म फारिस, नुहाच्या आईला तू ओळखायचीस?"

"न ओळखायला काय झालं? दर रविवारी दोन तास बर्फातून चालत यायची. फाटकाच्या गजांतून हात घालून पोरीचे केस विंचरायची. आत या म्हटलं तर म्हणायची, नको बाई, बूट चिखलाचे आहेत." उम्म फारिसनं सुरी ठेवली. "का गं?"

"सहज."

"सहज विचारायला तू कधी आलीस इथे?"

मदर क्लोतिल्दनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नुहाच्या काकाचं पत्र त्यांच्या टेबलावर होतं. बेरूतमध्ये एका घरी मुलगी हवी होती, भांडी-फरशीला. शाळेनं सोडली की तो लगेच न्यायला येणार होता.

"अजून एकदा, आणि जाईल ती," मदर म्हणाल्या.

"पण मदर, ती बोलतच नाही. मुकी आहे ती."

"मग तर नियम पाळणं तिला इतरांपेक्षा सोपं आहे."

एदमानं रात्रभर विचार करून बुद्धीला पटेल असा उपाय काढला. मुली त्रास देत होत्या, आणखी काय असणार? बिल्ला फिरलाच नाही तर नुहाकडे जाणार कसा? बुधवारी सकाळी तिनं तो स्वतःच्या खिशात घातला आणि कुणालाच दिला नाही. दिवसभर तो मांडीला लागत होता. दुपारपर्यंत तो ओला वाटायला लागला. तिनं खिसा चाचपला. कापड कोरडं होतं.

शेवटचा तास शिवणाचा. बाहेर सन्नीनचा डोंगर पांढरा पडला होता. वर्गात शेगडीचा आणि वाळणाऱ्या लोकरी मोज्यांचा वास कोंडला होता. बावीस मुली माना खाली घालून टाके घालत होत्या. नुहा तिसऱ्या बाकावर, एकटीच. एदमा तिच्यापासून दोन हातांवर उभी राहिली आणि तिच्या ओठांवरची नजर तिनं हलू दिली नाही.

ओठ मिटलेले होते. दातांत दोरा होता.

"केस ओले आहेत गं तिचे. पुसा ना कुणीतरी."

अरबीत. थकलेला, लांबून चालत आल्यासारखा आवाज. नुहाच्या मागून, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून.

एकवीस सुया थांबल्या. नुहाची थांबली नाही.

एदमानं पाहिलं. नुहाचे केस खरंच ओले होते. वेणीच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. सकाळपासून पाऊस नव्हता.

"कोण बोललं?"

दारात मदर क्लोतिल्द उभ्या होत्या.

'मी बोलले,' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. एदमाच्या जिभेवर आले होते ते. फार तर नोकरी गेली असती.

"मादमोआझेल, बिल्ला कुठे आहे?"

एदमाचा हात खिशात गेला. वीस वर्षांची सवय होती हाताला. त्यानं बिल्ला काढला आणि नुहाच्या गळ्यात घातला.

शनिवारी काका आला. नुहानं ट्रंक स्वतः उचलली. फाटकाशी ती थांबली, गजांना हात लावला आणि एकदा मागे वळून पाहिलं. एदमाकडे नाही, एदमाच्या बाजूला, जिथे कुणी नव्हतं तिकडे. मग काकानं गाडीचा दरवाजा लावून घेतला.

सोमवारी शिवणाच्या तासाला मदर क्लोतिल्द मुद्दाम येऊन बसल्या. तिसरा बाक रिकामा होता. बाकाखाली पाण्याचं छोटं थारोळं होतं. झाडूवालीनं ते सकाळीच दोनदा पुसलं होतं.

"माझी नुहा कुठे आहे?"

एदमानं मदरकडे पाहिलं. मदरचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ आवळलेले. बोट मात्र त्यांनी जांदार्ककडे रोखलं होतं, कारण जांदार्कनं तोंड उघडलं होतं. जांदार्कनं ते मिटलं, आणि मग जपून, शुद्ध फ्रेंचमध्ये म्हणाली, "ती इथे नाही, बाईसाहेब."

"माझी नुहा कुठे आहे?"

"बेरूतला गेली," सिल्वी म्हणाली. फ्रेंचमध्येच.

"कुणीतरी सांगा ना गं. कुठे नेली तिला?"

आवाज आता बाकाशी नव्हता. तो रांगेतून एकेकीपाशी थांबत पुढे येत होता. शेवटी तो एदमाच्या समोर थांबला. तिच्या चेहऱ्याला ओल्या लोकरीचा गारवा लागला. बिल्ला मदरच्या मांडीवर होता.

एदमानं सगळं सांगितलं. काकाचं नाव, बेरूतमधली गल्ली, घराचा मजला. एकही चूक न करता, क्रियापदं नीट चालवून, फ्रेंचमध्ये.

आवाजानं पुन्हा तेच विचारलं. मंगळवारीही विचारलं, बुधवारीही. अजून विचारतो.

नुहाच्या आईला फ्रेंच येत नव्हतं.