तळाला न बसणारा रंग

पांढरा शर्ट हातावर टाकून तो आमच्या दुकानाच्या पायरीशी उभा होता. आत यावं की नाही, हे काही त्याचं ठरत नव्हतं.

"लाँड्री पलीकडे आहे," मी म्हणाले.

"लाँड्रीवाल्यानंच इकडे पाठवलं." त्यानं शर्ट उलगडला. अंगभर तांबूस... जणू संध्याकाळच त्याच्यावर सांडली होती. "म्हणाला, आधी नळाचा डाग काढा, मग शर्टाचा बघू. गिझरवालीकडे जा."

गिझरवाली म्हणजे मी. बाबांच्या गुडघ्यांनी शिडी नाकारली, तेव्हापासून दुरुस्तीची पिशवी माझ्या खांद्यावर आली.

"गार पाणी कसं येतं?"

"नितळ."

"आणि गरम?"

"गरम... लाजल्यासारखं."

मी मान वर केली. चेहरा अगदी गंभीर. हसत होते ते फक्त डोळे.

त्याचं घर तसं नवंच. खिडक्यांना पडदे नव्हते, स्वयंपाकघरात एकच कप. तो पूल बांधायचा. नदी असेल तिथं मुक्काम. घर बांधलं खरं, पण राहायला सवड झाली नव्हती.

मी न्हाणीतून आणि स्वयंपाकघरातून एकेक ग्लास गरम पाणी भरलं. दोन्ही तांबडे. म्हणजे दोष नळाचा नाही. बराच वेळ पाणी सोडून पाहिलं, तरी रंग हटेना. म्हणजे पाइपात साचलेलंही नाही. दुखणं गिझरच्या टाकीतच. वीज बंद केली, पाणी बंद केलं, टाकी रिकामी करून खालचं झाकण उघडलं. आतली कांडी हातात आली. अंगठ्याएवढी जाड असायची, ती वाळक्या काटकीसारखी झाली होती.

"ही कशाला असते?"

"पाणी टाकीचं लोखंड खायला टपलेलं असतं. ही मध्ये पडते. म्हणते, तिला नको, मला खा. ही संपली की पाणी टाकीला लागतं."

"नव्या घरात इतक्यात संपली?"

"पाणी जड आहे इथलं. त्यात तुम्ही टाकी भरलेली ठेवून महिनोन्‌महिने गायब. वाट बघून बघून झिजली बिचारी."

"कुणाची?"

"काय कुणाची?"

"वाट."

पाना माझ्या हातून निसटला. थेट त्याच्या पायाजवळ. त्यानं तो उचलून दिला, आणि द्यायला जरा... उगाचच जरा उशीर केला.

नवी कांडी बसवून, टाकी धुऊन मी जुनी त्याच्या हातात ठेवली. काढलेला भाग गिऱ्हाइकाला द्यायचा, हा बाबांचा नियम. त्यानं ती ओट्यावरच्या खिडकीत ठेवली, एखादी मूर्ती ठेवावी तशी.

पुढच्याच आठवड्यात निरोप आला – पाणी पुन्हा तांबडं.

"त्या घराच्या टाकीला जरा जास्तच आजार दिसतो," बाबा पेपराआडून म्हणाले. "आणि डॉक्टरीणबाईंनी आज वेणीही नीट घातलीये."

"बाबा!"

मी गेले. बादली भरलेली होती. तांबडी. मी ग्लासभर पाणी घेऊन खिडकीत ठेवलं.

"आता?"

"आता थांबायचं. गंज असेल तर तळाला बसेल."

आम्ही थांबलो. ओट्याला टेकून, तो त्या टोकाला, मी या. तो नद्यांबद्दल बोलत राहिला – कुठली पुलाच्या खांबांना वळसा घालते, कुठली रागावते. मी ऐकत राहिले... आणि ग्लासात काहीच तळाला बसेना. मी ग्लास नाकाशी नेला.

"साखर नाही घातलीत वाटतं?"

त्याचे कान बादलीतल्या पाण्याहून लाल झाले. "साखर घातली असती, तर फारच उघड झालं असतं."

"बादलीभर चहा! खोट्या तक्रारीचे पैसे वेगळे पडतात हं आमच्याकडे."

तो हसला नाही. "परवा निघतोय. मोठ्या नदीवर काम आहे. कधी परतेन, सांगता येत नाही. जायच्या आधी एकदा..."

"एकदा काय?"

"...एकदा पाणी बघून घ्यावं म्हटलं."

मीही तेवढीच भित्री. मनातलं ओठांपर्यंत आलं, आणि बाहेर पडलं ते असं – "बंद घरात टाकी नासते. कुणीतरी अधूनमधून पाणी सोडायला हवं."

त्यानं खिशातून घराची जादा चावी काढली. माझ्या तळहातावर ठेवली. ऊबदार होती.

मग दर आठवड्याला ते रिकामं घर आणि मी. नळ सोडायचा, बोटं धारेखाली धरायची – गार, कोमट, गरम... पहिल्याच दिवशी लक्षात आलं, खिडकीतली कांडी जागेवर नव्हती. टाकून दिली असेल. कशाला ठेवील कुणी? तरी जीव एवढासा झाला.

फोन यायचा. तुटक. मागे नदीचा घोष.

"पाणी कसं आहे?"

"नितळ."

"बरं..."

आणि त्या 'बरं'मध्ये आम्ही दोघं कितीतरी वेळ उभे असायचो.

एकदा गुणगुणताना ओवीच जुळून आली –

नळ सोडते बाई मी, वाफ चढते आरशाला
चावी माझ्या गं ओटीत, धनी दूरच्या पुलाला

धनी? मी जीभ चावली. घराचा गं, घराचा धनी! पण आरशातली धूसर बाई माझ्याकडे बघून हसत होती, तिला कोण समजावणार?

पुढे फोनही थांबले. नदीला पूर आल्याचं बाबांनी पेपरात वाचून दाखवलं आणि नंतर पेपर घडी करून लपवला. मी नळ सोडायला जातच राहिले.

अशाच एका सकाळी दार उघडलं, न्हाणीत शिरले... आणि थबकले. बादली भरलेली होती. तांबडी. वाफाळती.

मी वाकले. वास घेतला. चहा!

"या वेळी साखर घातलीये," पाठीमागून आवाज आला.

उन्हानं रापलेला, दाढी वाढलेला, तो दारात उभा होता. हातात ती काटकी झालेली कांडी.

"ही... तुम्ही नेलीत?"

"सगळे जण फोटो नेतात घरच्यांचा. माझ्याकडे तुमचा फोटो नव्हता."

नळ टपटपत होता. मी चावी त्याच्यापुढे धरली. त्यानं घेतली नाही. माझी मूठच हळूच मिटवली आणि मिटलेलीच हातात धरून ठेवली.

"माझीही एक तक्रार आहे," मी म्हणाले. "आणि ही खोटी नाही."

"बोला ना."

"फार दिवस लावलेत."