कुंकू लागलेली वायर

दाराला बाहेरून कडी लागली, तेव्हा इथलं नेटवर्क सांभाळणारी योगिता खुर्चीवरून उठलीसुद्धा नाही. खोलीला खिडकी नव्हती. भिंतीवर सगळे कॅमेरे जोडणारा नेटवर्क स्विच, त्याला कालच्या पूजेचा झेंडूचा हार आणि लुकलुकणारे हिरवे दिवे. पाच नंबरचा तेवढा विझलेला. तो गोदामाच्या कॅमेऱ्याचा.

चकलांब्याजवळच्या या कापसाच्या जिनिंगमधून रात्रीत तांब्याच्या तारेची भेंडोळी गेली होती. सकाळी तिला गावाहून बोलावून इथं कोंडलं होतं. फौजदार आला की तिला घेऊन जाणार होता.

त्याआधी कडी निघाली. मालकांनी बीडहून बोलावलेल्या खासगी तपासनीस शिवकन्या स्वामी आत आल्या. मागे त्यांचा मदतनीस मल्लिनाथ. मॅनेजर विजयसिंह दारातच उभा राहिला.

"हिनंच केलंय, ताई. काल सकाळी, पूजेच्या आधी, माझ्या देखत पाच नंबरला शटडाऊन दिला, कॅमेरा बंद पाडला आन गेली गावाला. रात्री हिच्या माणसांनी माल उचलला."

"तुम्हांला कमांड वाचता येतात?"

"हिनंच शिकवल्या. रजेवर असली की फोनवर सांगायची, मी टाकायचो."

"खोटं आहे!" योगिता म्हणाली. "मी काल शटडाऊन दिलाच नाही." आपलाच आवाज तिला भिंतीवर आपटून परत आल्यासारखा वाटला.

शिवकन्यांनी वायरमन हनुमानला हाक मारली. "काल तू काय केलंस?"

"मेन पाडला. यूपीएस बी बंद केला. चालू मशीनला कुंकू लावत न्हाईत, खंडेनवमीची रीतच हाय आमची. झाडलोटीच्या बायनाबाईनं स्विचच्या त्या कोपऱ्यातल्या भोकात बोटभर कुंकू भरलं. म्हणली, हे त्याचं नाक!"

मल्लिनाथ फिस्सकन हसला.

"योगिता कुठं होती?"

"तिला मीच मेन पाडायच्या आधी गाडीवर फाट्यावर सोडलं. सिरसाळ्याला जायचं हुतं. आरती झाल्यावर मेन उचलला, खोलीची किल्ली साहेबांकडं दिली."

शिवकन्यांनी खिळ्यावरची निळी वायर काढली. तिचं टोक लाल होतं.

"ही कशाची?"

"लॅपटॉप जोडायची," योगिता म्हणाली. "त्या कोपऱ्यातल्या भोकात बसते. तिथून पासवर्ड मागत नाही."

"मल्लिनाथ, आधी फोटो. योगिता, आता जोड. स्विच सध्या कशावर चालतोय ते दाखव, मग त्यानं जपून काय ठेवलंय ते."

योगितानं लॅपटॉप जोडून दोन कमांड दिल्या. चालू मांडणीत पाच नंबरखाली 'शटडाऊन' होतं. जपलेल्या मांडणीत तो शब्दच नव्हता.

"दोन्हीकडं येगळं?" मल्लिनाथ डोकं खाजवत म्हणाला. "बिघडलाय का?"

"नाही रे. दिलेली कमांड जपून ठेवायला वेगळं सांगावं लागतं. न सांगता वीज गेली, की स्विच ती विसरतो."

"मग?"

"योगितानं सकाळी शटडाऊन देऊन तो जपला असता, तर जपलेल्या मांडणीत दिसला असता. जपला नसता, तर हनुमाननं मेन पाडताच पुसला गेला असता. म्हणजे आत्ता दिसतोय तो आरतीनंतर दिलेला. तोवर ही फाट्यावर पोचली होती. वायरही कुंकू भरल्यानंतरच आत गेली, म्हणून टोक लाल. आणि आरतीनंतर किल्ली कुणाकडं?"

विजयसिंहाचा हात खिशाकडं गेला.

"जो शटडाऊन आरतीनंतर दिला, तो तुम्ही सकाळीच डोळ्यांनी पाहिलात, साहेब. कमांड टाकायला शिकलात, जपायला तेवढं शिकायचं राहिलं."

विजयसिंह वळला. हनुमान दारात आडवा आला. "साहेब, कावून घाई? कुठं निघालात?"

"माल कुठाय?" शिवकन्यांनी विचारलं.

विजयसिंह म्हणाला, "माझ्या शेतातल्या आखाड्यावर. कडब्याच्या गंजीत."

मल्लिनाथनं पडद्याचे फोटो घेतले. मग योगितानं शटडाऊन काढला. पाच नंबरचा दिवा हिरवा झाला.

"चला," हनुमाननं कडीला हात घातला. "आता साहेबांना बसू द्या फौजदार येईस्तोवर."

"थांब." योगितानं आणखी एक कमांड दिली. जपून ठेवण्याची. मगच ती उठली आणि विजयसिंहाला खुर्ची मोकळी करून उन्हात गेली.