वाटीभर तेल

ओयेम गावच्या बाजाराच्या वळणावर मिन्कोच्या खांद्यावरचा ओंडका ओयानेच्या टोपलीला लागला आणि कसाव्याच्या कांड्या रस्ताभर झाल्या. तो वेचायला वाकला... आणि तिच्याकडे बघतच राहिला.

"काय बघतोस?"

"कपाळ. मोठं, गोल... आम्ही मूर्तींना कोरतो तसं."

"म्हणजे मी ठोकळा?"

"ठोकळा मी. तू – कोरून झालेली."

मग पाऊस आला की ती त्याच्याच छपराखाली थांबायची. घरी जाताना केसांना लाकडाच्या ताज्या भुशाचा वास असायचा. लग्नाची बोलणी झाली. मुलीचं देज म्हणून बकऱ्या आणि कापड त्यानं कबूल केलं. कुठून आणणार, हे कुणी विचारलं नाही.

ओयानेच्या घरी मागच्या खोलीत पूर्वजांच्या कवट्यांची पेटी होती, आणि पेटीवर बसलेला काळा लाकडी राखणदार. बायकांनी तो बघायचा नाही. त्याचं तेल मात्र बायकांनीच काढायचं! ओयाने वाटी भरून द्यायची, नजर गेलेले आजोबा ते त्याला चोळायचे. पिढ्यांचं तेल मुरलेलं ते लाकूड आतूनच पाझरायचं. वाटी जवळजवळ भरलेलीच परत यायची.

एकदा राखणदाराचा पाय तडकला. आजोबांनी तो होणाऱ्या नातजावयाकडे दुरुस्तीला दिला. तो परत आला, पाठोपाठ बकऱ्याही आल्या.

आणि वाटी रिकामी येऊ लागली.

"पूर्वज तहानलेत," आजोबा खूश. ओयानेला मात्र ठाऊक होतं: इतकं तेल पितं ते कोरं लाकूड.

तिनं जाऊन विचारलं तेव्हा मिन्को खोटं बोलला नाही. खरा राखणदार दलालामार्फत पॅरिसच्या संग्रहालयात गेला होता.

"तिथे काचेत जपतील गं. इथे वाळवीनं खाल्ला असता. आणि... तुझ्यासाठीच ना?"

"कवट्या?"

"त्या नको होत्या त्यांना."

काचेवाल्यांना राखणदार हवा असतो. तो ज्यांना राखतो ते नको.

"माझ्या पणज्याला विकून मला मागायला आलास," ती म्हणाली. त्यानं हात पुढे केला. हाताला तोच भुशाचा वास होता. तो अजून आवडतो, याचाच तिला जास्त राग आला.

बकऱ्या परत गेल्या. पोरात काय खोट निघाली, आजोबांनी विचारलं. खरं सांगितलं असतं तर म्हातारा जगला नसता.

"घोरतो म्हणे," ओयाने म्हणाली. आजोबा खोकेपर्यंत हसले.

तिनं वाटी पुन्हा काठोकाठ भरली. आतून तेल चोळल्याचा आवाज येत होता.

"पोरी," आजोबा म्हणाले, "हल्ली याच्या कपाळावरून हात फिरवला की तुझंच कपाळ लागतं बघ."