वारा वाढतोय

इंग्रजीचा वर्ग संपवून ती तरातरा रस्ता ओलांडून समोरच्या बांधकामाच्या फाटकाशी गेली. तिथे उन्हाने रापलेला एक उंच तरुण हेल्मेट काढून घाम पुसत उभा होता.

"तुमच्यातला तो क्रेनवाला कोण? त्याला सांगा, समोर माणसं इंग्रजी शिकतात म्हणावं. सारखा काय भोंगा!"

"सांगतो की," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "ओझ्याखालून कुणी जाऊ नये म्हणून वाजवावा लागतो त्याला. तरी सांगून बघतो. जरा हट्टी आहे तो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर हजर.

"तुम्ही?"

"क्रेनवाल्याला निरोप दिला, मॅडम. तो म्हणाला, मग मी वर्गातच येऊन बसतो."

तिने हसू आवरायला फळ्याकडे तोंड फिरवलं. कान मात्र लाल झाले होते, आणि ते त्याला मागून दिसतच होते.

पण वर्गात येण्याचं त्याचं कारण खरं होतं. कंपनीने बाहेरच्या देशातून नवा साहेब आणला होता आणि तो वायरलेसवर सगळं इंग्रजीतच सांगायचा. त्यातही हवामानाचं जास्त.

"पाऊस चालतो मला, मॅडम. वारा नाही चालत. तिथे वर वाऱ्याशी मस्करी नाही."

मग तिने हवामानाचाच धडा काढला. "पाऊस पडणारच अशी खात्री असेल तर विल. बहुतेक पडेल, तर लाइकली. पडला तर पडला... माइट."

"मग वर्गानंतर तुम्ही माझ्याबरोबर चहाला येणं, ते यातलं काय?"

सगळा वर्ग कान टवकारून बसला.

"माइट नॉट," ती म्हणाली.

"चालेल. माइट तर आहे!"

ती गेली. मग पुन्हा गेली. उंचावरून गाव कसं दिसतं, उडत्या पक्ष्यांच्या पाठी कशा दिसतात, हे तो सांगायचा आणि तिचा चहा निवून जायचा.

घरी मावशीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तिला लहानाची मोठी मावशीनेच केलं होतं. मावशीचे यजमान विजेच्या खांबांवर चढायचे. एका दुपारी चढले ते जिवंत उतरले नाहीत. "मुलगा चांगला असेल गं," मावशी भाजी निवडता निवडता म्हणाली. "पण रोज संध्याकाळी दाराकडे बघत बसणं काय असतं, ते मला विचार."

त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पुढच्या वर्गानंतर तिने त्याला जिन्यातच गाठलं.

"उद्यापासून चहा नको. मला... नाही जमणार."

त्याने कारण विचारलं नाही. तसाच जिना उतरून गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा बाक रिकामा राहिला. वारा वाढणं, मंदावणं, पडणं... त्यांचे इंग्रजी शब्द तिने त्याच आठवड्यात शिकवले, त्या रिकाम्या बाकाकडे न बघण्याचा प्रयत्न करत.

मग कंपनीनेच तिला बोलावलं. सगळ्या कामगारांना साइटवरच शिकवा म्हणाले. पत्र्याच्या ऑफिसात ती फळा पुसत होती. बाहेर आभाळ काळवंडून आलं होतं, पत्रा थडथडत होता. टेबलावर चार्जिंगला लावलेला वायरलेस खरखरला. साहेबाचा आवाज.

"द विंड इज पिकिंग अप."

आणि लगेच, कितीतरी दिवसांनी ऐकलेला तो दुसरा आवाज, "ओके सर. पिक अप."

तिच्या हातातलं फडकं गळून पडलं. पिक अप म्हणजे उचल, एवढंच त्याला माहीत होतं! ती दाराशी धावली. लोखंडी सळ्यांचा भारा क्रेनला लटकत वर उचलला गेला होता आणि वाऱ्याने गरगर फिरायला लागला होता. खाली माणसं पांगत होती. साहेब हातवारे करत ओरडत होता.

तिने वायरलेस उचलून बटण दाबलं.

"उचलू नकोस! वारा वाढतोय म्हणतोय तो! खाली ठेव!"

"कोण?"

"मी आहे! खाली ठेव रे, खाली!"

भारा एकदा भिंतीच्या अंगावर आला, हातभर अंतरावरून मागे फिरला... क्रेनचा हात त्याच्या मागोमाग सरकला, झोका आवरला, आणि ओझं धाडकन मातीत टेकलं.

पण तो वरच होता. एवढ्या वाऱ्यात शिडी उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. वारा पडेपर्यंत केबिनमध्येच थांब, असं साहेबाने सांगितलं. या वेळी तिच्या तोंडून. मग साहेबाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि वायरलेस तिच्याच हातात राहू दिला.

"हलतंय का खूप?" तिने विचारलं.

"हलतंय. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. चहा का बंद केला ते सांगा."

भोवती सगळे कामगार उभे होते. तरी तिने बटण दाबलं.

"भीती वाटली म्हणून. तू वर असताना मला श्वास घेता येत नाही म्हणून. आणि बंद केला तरी भीती गेली नाही. कळलं?"

तिने बटण सोडलं.

"कळलं," तो म्हणाला. "खाली आल्यावर परत एकदा सांगशील?"

वारा पडला तेव्हा दिवे लागायला आले होते. एकेक पायरी चाचपत तो उतरला. साहेबाने त्याची पाठ थोपटली. ती मात्र ओठ चावत समोर उभी राहिली.

"मी खालचं काम मागून बघू का?" त्याने हळूच विचारलं.

"तुला आवडेल?"

"नाही."

"मग मागू नकोस." तिने डोळे पुसले. "पण रोज उतरलास की आधी मला फोन करायचा. पाणीसुद्धा नंतर."

"आणि घरी?"

"मावशीकडे आत्ताच जायचंय. ओरडेल, रडेल... आणि मग जेवायला वाढेल."

तिने त्याचा हात सगळ्यांदेखत धरला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. तिने हात सोडला नाही. दोघं तसेच फाटकाबाहेर पडले.