ओढांक

उपम्यात मिरची जास्त पडली होती आणि मैना पोटावीचा ओढांक एक्क्याण्णववर गेला होता. वसतिगृहाच्या रेक्टर कुमुद खराटेंना दोन्ही बातम्या एकदमच कळल्या. पहिली जिभेवर, दुसरी टेबलावरच्या पडद्यावर.

ओढांक म्हणजे घराकडची ओढ. मुलगी फाटकातून कधी आत-बाहेर करते, मेसमध्ये किती रेंगाळते, घरच्यांशी फोनवर किती वेळ बोलते, यावरून यंत्र शंभरपैकी आकडा काढी. सत्तरच्या वर गेलेली पहिल्या वर्षाची मुलगी महिन्याभरात कॉलेज सोडणार, असं धरून चालायचं. मग रेक्टरनं तिला बोलावून, चहा पाजून, समजूत काढायची. गेल्या वर्षी पस्तीसपैकी एकतीस अंदाज खरे ठरले आणि कॉलेजचा सत्कार झाला. गळती कमी झाली का, हे कुणी विचारलं नाही.

मैना एटापल्लीपलीकडून बीएस्सीला आलेली, कॉलेज पाहणारी घरातली पहिलीच. ती दारातच थांबली.

"ये, बस. चहा घे."

"नको जी. कधी जायचं तेवढं सांगा."

"कुठं?"

"घरी. तुम्ही बोलावलं ना! शिपाई मावशीनं खोलीत येऊन माझं नाव घेतलं अन् मनीषानं लगेच बादली मागितली. प्रणोतीनं खिडकीजवळची खाट धरली."

वसतिगृहाची रीतच होती. जाणारी मुलगी बादली मागे ठेवते, आधी मागेल तिची.

"अगं, पण तुला जायचंय का?"

"काल नव्हतं. केमिस्ट्रीचा पेपर मस्त गेला, तेच आईले सांगून राहिली होती तासभर." मैनानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आता खोलीत सगळ्या गोड बोलतात जी. निघालेल्या पाहुण्याशी बोलतात तशा. मग राहून काय करू?"

कुमुदताईंनी गेल्या वर्षीची यादी उघडली. गेलेल्या एकतीस जणींपैकी प्रत्येकीला त्यांनी याच खुर्चीत बसवून चहा पाजला होता. आणि यंत्राचे चुकलेले चार अंदाज? ते आकडे आले त्या आठवड्यात ताई भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. त्या चौघींना बोलवायचं राहूनच गेलं होतं.

त्यांनी मैनाच्या खोलीतल्या उरलेल्या तिघींनाही बोलावणं धाडलं. मनीषाचा ओढांक अवघा बारा. ती दारातच रडायला लागली. "मी काय केलं जी? मले नाही जायचं!"

"मलेबी नव्हतं जायचं," मैना फणकारली. "माझी बादली दे आधी."

भांडण चांगलं अर्धा तास चाललं. चहा दोनदा झाला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर मैना एक्क्याण्णववरच होती. तिच्या जोडीला आता बाकीच्या तिघी, बहात्तर ते पंचाहत्तर. भेटींची नोंदही यंत्राकडे जाई, आणि रेक्टरच्या खोलीत गेलेली मुलगी कॉलेज सोडते, हे ते गेल्या वर्षीच शिकलं होतं.

प्राचार्यांचा फोन आला. "खराटे मॅडम, एका दिवसात आणखी तीन? नियमाप्रमाणे भेटी घ्या लगेच."

"घेते सर." कुमुदताईंनी फोन ठेवला आणि पहिल्या वर्षाचा पट मावशीपुढे सरकवला. "अकारविल्हे बोलवा. रोज दहा जणी. सगळ्यांनाच बोलावलं, तर कुणाची बादली कोण मागेल?"

"दोनशे बाराच्या दोनशे बारा? अन् मॅडम, यंत्राला वाटेल, वसतिगृह रिकामं झालं!"

"वाटू द्या."

मावशीनं पट उचलला, दारापर्यंत गेली आणि वळली.

"पोरींना काय वाटेल पण?"