दुपारची धप्प

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. झुलेमा माझी सख्खी मेहुणी. तिच्यावर गुदरलेलं सांगतोय.

अर्जेंटिनातलं आमचं कोरिएन्तेस शहर. जानेवारी म्हणजे आमचा ऐन उन्हाळा. भर दुपार. सगळं गाव झोपलेलं. आमच्याकडे भुतं रात्री नाही, याच वेळेला फिरतात.

झुलेमा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला. तिचा सात वर्षांचा मुलगा लिसांद्रो पायाच्या स्नायूत कॅन्सर होऊन गेला. त्याच्या गाठीतल्या पेशी तिथेच काचेच्या बश्यांत जिवंत ठेवलेल्या. त्यांचं खाणंपिणं झुलेमाच बघायची.

"दुसरं कुणी करेल गं," डॉक्टर इरुपे म्हणायच्या.

"पोरगं माझं. जेवायला मीच घालणार."

त्या पेशी नुसत्या एकाच्या दोन होत राहायच्या. स्नायू काही व्हायच्या नाहीत. एका जनुकाच्या ढिगाने प्रती झालेल्या त्यांच्यात. तेच त्यांना मोठं होऊ देईना.

इरुपेबाईंनी त्या जनुकाचं तोंड बंद करणारं औषध आणलं.

"आता बघ, स्नायू होतील."

"आणि मग?"

"मग थांबतील. वाढायच्या नाहीत."

झुलेमाने बश्यांकडे पाहिलं. पोराचं एवढंच तर उरलेलं.

तिने औषध घातलंच नाही. नुसतं पाणी घातलं.

चार-पाच दिवस गेले. दुपारी बाई घरी झोपायला गेलेल्या. आणि...

धप्प.

पेशींच्या उबदार कपाटातून.

धप्प... धप्प...

लिसांद्रो असाच दुपारी भिंतीवर पायाने चेंडू मारायचा. ती खेकसायची, "झोप मेल्या, भूत नेईल!"

तिने कपाट उघडलं.

शांत.

बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आत लांबच लांब धागे. स्नायूंचे. सगळे एकदम आखडत होते...

धप्प... धप्प...

संध्याकाळी बश्या बघून बाई नाचायच्याच बाकी. "अगं, औषध लागू पडलं! वॉर्डातल्या पोरांना आता आशा आहे!"

त्या पोरांचं नाव निघालं आणि झुलेमाला राहवेना.

"बाई... त्यात औषध नव्हतं. मी पाणी घातलं."

बाईंच्या हातातला थंडगार तेरेरे चहाचा पेला तसाच राहिला. पुन्हा तपासलं. जनुकाच्या प्रती होत्या तेवढ्याच. तोंडही उघडंच.

"मग यांना मोठं केलं कुणी?"

दोघींनी भिऊन पेशी बश्यांसकट जाळल्या. तिने काम सोडलं.

काल दुपारी मी तिच्या घरी होतो. बाहेरच्या भिंतीवर...

धप्प.

"पोरं खेळतायत गं," मी म्हणालो.

"भावोजी, नीट ऐका."

ऐकलं. 

लाथ पोराची नव्हती. जड होती. चांगल्या वाढलेल्या बाप्याची.

दार आम्ही दोघांनीही उघडलं नाही.